खडकातील होकायंत्र आणि खंडांचा जमाखर्च



आपल्यापैकी ज्यांच्याजवळ साधे होकायंत्र असेल त्यांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. सह्याद्रीच्या एखाद्या उघड्या माथ्यावर जावे, होकायंत्र छातीच्या उंचीवर धरून सूची कोठे स्थिरावते ते पाहावे, आणि मग ते हळूहळू खाली नेऊन काळ्या कातळावर ठेवावे. पुष्कळ ठिकाणी विशेष काही घडणार नाही. पण हात-दोन हात सरकत गेले तर एखादी जागा अशी सापडते की तेथे सूची एकाएकी बाजूला वळते, क्वचित चक्क पाठ फिरवते. डोंगरमाथ्यावर पडलेल्या विजेने तेथील दगड जबर चुंबकित करून ठेवलेला असतो. विजेचा हा खेळ वरवरचा आहे, आणि आपल्या आजच्या विषयात तो एक अडथळाच आहे. परंतु काळा दगड चुंबक होऊ शकतो, एवढे त्यावरून हाताला पटते.

हे ज्यांना फार पूर्वीच पटलेले होते असे एक खाते आपल्याकडे होते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून होत असे. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने सूच्या भरकटणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली हे काम अलिबागला हलवण्यात आले. तेथील इमारतीसाठी दगड आणला तो पोरबंदरचा. कोकणात दगडाला काय तोटा, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. पण आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकित असतो. त्याच्या भिंतींमध्ये ठेवलेली सूची पृथ्वीचे सांगण्याऐवजी भिंतीचे सांगू लागेल! म्हणून पोरबंदरचा निरुपद्रवी दगड.

अलिबागच्या वेधशाळेने जे टाळले, तेच नेमके आज आपल्याला पाहायचे आहे. भिंतीतला दगड काय सांगतो?

लाव्हारस बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान हजार-अकराशे अंश सेल्सियसच्या घरात असते. तो थिजतो तेव्हा त्यात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण तयार होतात. या खनिजाचा एक स्वभाव आहे. ५८० अंशांच्या वर ते चुंबक म्हणून नालायक असते. त्याखाली उतरले की त्याच्या अंगी चुंबकत्व येते, आणि ते येताना त्या जागी त्या क्षणी पृथ्वीच्या चुंबकत्वाची जी दिशा असेल ती उचलते. दगड आणखी थंड झाला की ती दिशा पक्की होते. मग पृथ्वीचे चुंबकत्व बदलो, दगड उचलून कोठेही नेवो, आतील कण आपली जन्मदिशा सोडत नाहीत. वीटभट्टीतील विटेचेही असेच होते. भट्टी विझून वीट निवताना ती उत्तर दिशा आपल्या पोटात घेते. पुढे गवंडी तिला कशीही बसवो, उभी, आडवी, उलटी, तिच्या पोटातील उत्तर तिच्याबरोबर फिरते. आपल्या घराच्या भिंतीत अशा शेकडो ‘उत्तर दिशा’ शेकडो बाजूंना तोंडे करून बसलेल्या आहेत.

दिशा म्हटली की आपण उत्तर-दक्षिण एवढाच विचार करतो. पण चुंबकसूची बरोबर मध्यावर दोऱ्याने बांधून मोकळी टांगली तर ती आडवीही राहत नाही. विषुववृत्ताजवळ ती जवळजवळ सपाट असते. उत्तरेकडे जावे तसे तिचे उत्तर टोक जमिनीकडे झुकत जाते आणि ध्रुवाशी ती ओळंब्यासारखी उभी राहते. दक्षिण गोलार्धात याच्या उलट, म्हणजे उत्तर टोक आकाशाकडे. या झुकण्याला ‘नती’ म्हणतात. शाळेतील त्रिकोणमिती ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी नियम सांगतो: नतीची स्पर्शज्या ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. वाई-महाबळेश्वरचा अक्षांश सुमारे १८, तेव्हा नती ३३ अंश यावी. प्रत्यक्ष आज मोजली तर ती काही अंशांनी कमी भरते, कारण पृथ्वीचे चुंबकत्व कोणत्याही एका वेळी थोडे वाकडेतिकडेच असते. मात्र काही हजार वर्षांची सरासरी घेतली की वाकडेपणा जिरतो आणि नियम लागू पडतो. ही सरासरीची अट लक्षात ठेवा. पुढे तिने बरेच वाद निर्माण केले आहेत.

तात्पर्य, एका दगडात दोन बातम्या असतात. आडवी दिशा सांगते की दगड जन्मल्यापासून तो प्रदेश किती फिरला. नती सांगते की जन्माच्या वेळी तो विषुववृत्तापासून किती दूर होता. तिसरी बातमी, म्हणजे रेखांश, मात्र त्यात नसते. पूर्वेला-पश्चिमेला कितीही सरकला तरी दगडाला त्याचा पत्ता नाही.

आता आपल्याच सह्याद्रीची बातमी ऐका. १९५० च्या सुमारास या शास्त्राला नावही नीट पडलेले नव्हते. इंग्लंडात पॅट्रिक ब्लॅकेट हे नोबेल पारितोषिक मिळवलेले पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ वेगळ्याच मागे होते. कोणतीही जड वस्तू नुसती फिरल्याने तिला चुंबकत्व येते काय, हे त्यांना पाहायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी सुमारे १५ किलो शुद्ध सोन्याचा दंडगोल उसना आणून त्याच्याजवळ टांगण्यासाठी एक विलक्षण नाजूक चुंबकमापक बनवला. कल्पना चुकीची निघाली आणि सोने परत गेले. चुंबकमापक मात्र उरला. इतका नाजूक की दगडातील मंद चुंबकत्वही त्याला कळावे. अपयशी प्रयोगाच्या हत्याराने दुसरे शास्त्र उभे राहण्याची अशी उदाहरणे थोडी नसतील, पण सोन्याच्या पायरीवरून काळ्या दगडाकडे आलेले हे एकच असावे.

त्याच सुमारास, १९५१ साली, केंब्रिजमध्ये टेड अर्व्हिंग नावाच्या तरुण विद्यार्थ्याला सुचले की भारत पूर्वी दक्षिणेला होता असे जे आल्फ्रेड व्हेगेनर सांगत असे, त्याची परीक्षा दख्खनच्या पाषाणावर करता येईल. त्याने भारतातून थोडे नमुने मागवले. प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्याला पाठिंबा दिला, आणि गोलावर विखुरलेल्या दिशांची सरासरी कशी काढावी याचे गणितच १९५३ साली मांडले. अर्व्हिंगचा प्रबंध पुढे परीक्षकांनी नापास केला, ही गोष्ट त्या शास्त्राच्या इतिहासात अजून चघळली जाते. १९५६ साली ब्लॅकेटच्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांची मोजणी प्रसिद्ध केली. त्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधील पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी ते काम पुढे नेले.

निकाल असा होता. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत सूचीचे उत्तर टोक आजच्या वायव्येकडे वळलेले आहे, आणि ते जमिनीकडे झुकलेले नसून सुमारे ४५ अंशांनी आकाशाकडे उचललेले आहे. खालच्या थरांत सर्व काही बरोबर उलटे. कारण त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच अदलाबदल करून बसले होते. ही अदलाबदल पृथ्वीच्या इतिहासात वारंवार झाली आहे. उलट आणि सुलट अशा दोन्ही थरांतून उत्तर एकच येते: ४५ अंशांची नती म्हणजे सुमारे २६-२७ अंश दक्षिण अक्षांश. आजचे १८ उत्तर त्यात मिळवा. एका अक्षांशाला १११ किलोमीटर धरले तर आपण ज्या कातळावर बसलो आहोत तो जन्मल्यापासून, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांत, ५,००० किलोमीटर उत्तरेकडे आला, आणि येता येता २५-३० अंश डावीकडे वळला. कोणी म्हणेल, उलट-सुलटीच्या या गोंधळात उत्तर गोलार्धच दक्षिण समजला गेला नसेल कशावरून? तसे असते तर भारत अर्धे रिंगण फिरलेला मानावा लागला असता. शिवाय हिंदी महासागराच्या तळावरील चुंबकीय पट्ट्यांनी नंतर हाच प्रवास स्वतंत्रपणे दाखवला.

येथवरची कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. भारत आला, आशियाला धडकला, हिमालय उठला. मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही ती असते. माझा आजचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असे बहुतेक अभ्यासक मानतात. टक्कर झाली म्हणून भारत थांबला नाही. त्याचा वेग मंदावला, पण आजही तो आशियाच्या दिशेने वर्षाला चारएक सेंटिमीटर सरकतो, हे उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेले आहे. महासागराच्या तळावरून हिशेब केला तर टक्कर झाल्यानंतर भारत आशियात आणखी सुमारे ३,००० किलोमीटर, पूर्वेच्या बाजूला त्याहूनही अधिक, घुसला आहे. तीन हजार किलोमीटर म्हणजे कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतची भूमी. मधली एवढी जमीन गेली कोठे?

या मांडवात आपण ज्या सतरंजीवर बसलो आहोत तिचे एक टोक भिंतीला टेकवून दुसरे ढकलले तर तिला सुरकुत्या पडतील. सतरंजीचे कापड नाहीसे होत नाही, ते सुरकुत्यांत जाते. एमिल आर्गां या स्विस भूशास्त्रज्ञाने १९२२ साली ब्रुसेल्सच्या व्याख्यानात नेमके हेच सांगितले: भारताच्या धक्क्याने एकटा हिमालय नव्हे, सबंध आशिया पार उत्तरेपर्यंत चुरगळलेला आहे. कल्पना भव्य होती, पण मोजमाप नव्हते. सतरंजी किती आखूड झाली हे सांगायला तिच्यावर आधी खुणा केलेल्या असाव्या लागतात. दगडातील नती आणि दिशा या त्या खुणा होत.

दिशेच्या खुणेचे सोपे उदाहरण आधी घेऊ. एका सरळ तारेत ठरावीक अंतरावर टाचण्या खोचा, सगळ्यांची टोके एकाच बाजूला. आता तार कमानीसारखी वाकवा. टाचण्या पंख्यासारख्या पसरतील. पण तार मुळातच कमानीच्या आकाराची असेल आणि टाचण्या नंतर खोचल्या असतील, तर त्या समांतरच राहतील. जगातील कित्येक पर्वतरांगा धनुष्यासारख्या वाकलेल्या आहेत. टास्मानियातील सॅम्युअल कॅरी यांनी १९५५ साली मांडले की त्या मुळात सरळ असून मागाहून वाकल्या असाव्यात. त्यांच्या म्हणण्याची कसोटी लावायला दगडातील टाचण्या हाताशी होत्याच. १९६१ साली जपानच्या नाओतो कावाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होन्शू बेटाच्या दोन बाहूंवरील खडक तपासले. टाचण्या पसरलेल्या निघाल्या! जपानचे मुख्य बेट मध्यावर वाकले आहे. हे केव्हा घडले याचा कावाईंचा अंदाज पुढे सुधारावा लागला. १९८० नंतरच्या मोजण्यांनी ते वाकणे दीडएक कोटी वर्षांपूर्वीचे, जपानचा समुद्र उघडला त्या वेळचे, ठरले. स्पेन-पोर्तुगालची गोष्ट थोडी निराळी. ते द्वीपकल्प वाकले नाही, दार बिजागरीवर फिरावे तसे सबंधच ३५ अंशांच्या आसपास फिरले आणि त्यामागे बिस्केचा उपसागर उघडला. उट्रेख्टच्या रॉब व्हॅन डर व्हू यांनी १९६९ साली खडकांच्या दिशांवरून ते दाखवले.

आता पुन्हा आशियाकडे. १९८० च्या दशकाच्या आरंभी या चुरगळण्याविषयी दोन पक्ष समोरासमोर आले. पॅरिसच्या पॉल ताप्पोनिए यांनी मुलांच्या खेळण्यातील प्लॅस्टिसिन नावाची माती घेतली, तिच्यात एक ठोकळा हळूहळू दाबला आणि १९८२ साली त्या प्रयोगाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. माती मोठमोठ्या तुकड्यांत फुटून बाजूला सरकली. आशियाचेही असेच झाले, त्यांचे म्हणणे. इंडोचीनचा प्रदेश हा आग्नेयेला ढकलला गेलेला तुकडा आहे. त्याच वर्षी फिलिप इंग्लंड आणि डॅन मॅकेन्झी यांनी उलट गणित मांडले: एवढ्या विस्तारावर खंड हा ठोकळा नसून घट्ट काकवीसारखा वागतो, सर्वत्र थोडाथोडा दबतो आणि जाड होतो. कोण खरे? दगडांना विचारावे. युनान प्रांतातील तांबड्या वालुकाश्मांनी सांगितले की ते उजवीकडे वळलेले आहेत. परंतु कोठे २०-३० अंश, कोठे ८० अंशांपर्यंत. एकच सबंध ठोकळा फिरला असता तर सर्वांचे आकडे सारखे यायला हवे होते. तेव्हा ठोकळे आहेत, पण लहान लहान, आणि प्रत्येक आपापल्या परीने फिरलेला. मला स्वतःला वाटते की दोन्ही पक्षांनी एकाच घासाची दोन टोके धरली होती. पण हे माझे मत आहे, दगडांचे नव्हे.

खरा पेच नतीचा. टकरीच्या वेळी आशियाची दक्षिण कड कोणत्या अक्षांशावर होती, हे कळले तर ती उत्तरेला किती सरकली, म्हणजेच आशिया किती आखूड झाला, ते कळेल. ही कड आज तिबेटात ल्हासाच्या आसपास आहे. ल्हासाचा अक्षांश ३० उत्तर. तेथे टकरीच्या आगेमागे साचलेले तांबडे वालुकाश्म आहेत आणि लिंझिझोंग नावाचे ज्वालामुखीचे थर आहेत. १९८० पासून फ्रेंच आणि चिनी शास्त्रज्ञांनी मिळून हे खडक तपासायला घेतले. १९८४ साली अशाश, कुर्तियो आणि झोउ यांनी निकाल दिला: ल्हासा तेव्हा विषुववृत्तापासून दहा-बारा अंशांवर होता. म्हणजे आशिया सुमारे २,००० किलोमीटर आखूड झाला. चुकीची मर्यादा मात्र त्या आकड्याच्या निम्म्याच्या घरात होती. पुढे दुसऱ्यांनी मोजले, तिसऱ्यांनी मोजले. कोणाला १० अंश, कोणाला १५, कोणाला २४. दहा अंशांचा मतभेद म्हणजे ११०० किलोमीटरचा मतभेद. एका साक्षीदाराने पुणे म्हणावे आणि दुसऱ्याने दिल्ली, असा हा प्रकार!

साक्षीदार खोटे बोलत होते काय? खोटे नव्हे, पण त्यांच्यावर काय काय गुजरले होते ते कोणी नीट विचारले नव्हते.

वालुकाश्माचे पाहा. त्यातील चुंबकित कण पाण्यातून खाली बसताना पृथ्वीच्या चुंबकत्वाकडे तोंड करून बसतात खरे, पण त्यांच्यावर पुढे शेकडो मीटर गाळ साचतो. पोह्यांच्या डब्यात पोहे ओतले की उभेआडवे कसेही पडतात. वर वजन ठेवले की ते आडवे होत जातात. कणांचेही तसेच. मूळची ४० अंशांची नती दबून २५ अंश दिसू लागते, आणि भोळा अभ्यासक म्हणतो की हा खडक विषुववृत्ताच्या जवळ जन्मला. हा दोष १९५५ पासून माहीत होता. मध्य आशियातील सर्वच तांबडे खडक नतीच्या बाबतीत चमत्कारिक उथळ का येतात, हा प्रश्न मात्र फार उशिरा गंभीरपणे घेतला गेला. २००४ साली लिसा टॉक्स आणि डेनिस केंट यांनी एक तोड काढली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे जे नैसर्गिक हेलकावे असतात त्यांचा एक विशिष्ट आकार असतो. दबलेल्या खडकात हा आकार चपटा होतो. चपटेपणा किती ते मोजा आणि तेवढी दुरुस्ती करा. २०१० च्या सुमारास ल्हासाजवळच्या तांबड्या खडकांवर अशी दुरुस्ती केली तेव्हा त्यांचे उत्तर वर सरकून २० अंशांच्या पुढे गेले.

लाव्हारसाला दबण्याचे भय नाही. पण त्याचा दोष दुसरा. एक थर म्हणजे एक क्षण. आधी सांगितलेली सरासरीची अट येथे आडवी येते. पाचपंचवीस थर थोड्याच वर्षांत एकामागून एक वाहून आले असतील तर ती सरासरी नव्हे, ते एकाच घटकेचे चित्र. लिंझिझोंगच्या काही मोजण्यांत थरांची संख्या अगदीच तोकडी होती. आणि तिसरा दोष सर्वांत लबाड: पर्वत उठताना खडकांतून गरम पाणी फिरते, नवे लोहखनिज वाढते, आणि जुनी साक्ष पुसून त्या जागी नवी लिहिली जाते. तिबेटच्या दक्षिणेस गाम्बा येथील चुनखडकांवर पुष्कळांनी आपले सिद्धांत उभारले होते. २०१७ साली त्यांतील खनिजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून काहींनी दाखवले की त्यांचे चुंबकत्व मूळचे नसावे. हे सर्वांना मान्य आहे असे नाही.

मग विश्वास ठेवावा तरी कशावर? उलटतपासणीच्या काही रीती आहेत. नमुना भट्टीत घालून १००, २००, ३०० अंश असा पायरीपायरीने तापवायचा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचे. विजेचे, आजच्या काळाचे, अलीकडचे असे उथळ चुंबकत्व आधी गळून पडते. शेवटी टिकते ते बहुधा जुने. पण सर्वांत सुंदर रीत आहे घडीची. जॉन ग्रॅहम या अमेरिकन तरुणाने ती १९४९ साली सुचवली. डोंगराच्या घडीच्या दोन्ही बाजूंचे नमुने घ्या. त्यांच्या दिशा वेगवेगळ्या दिसतात काय? मग कागदावर ती घडी उलगडा, थर पुन्हा आडवे करा. उलगडल्यावर दिशा एकमेकींशी जुळल्या तर चुंबकत्व घडी पडण्याच्या आधीचे. उलगडल्यावर त्या विस्कटल्या तर ते मागाहून आलेले, म्हणजे साक्षीदार घटनेच्या वेळी हजरच नव्हता. इतकी साधी कसोटी! हातरुमालावर शाईची रेघ घडी घालण्याआधी मारली की नंतर, हे ओळखण्यासारखेच आहे. आणि तरीही तिबेटातील कित्येक जुन्या निकालांत ती लावलेलीच नव्हती, किंवा लावण्याइतके नमुनेच नव्हते.

ही सारी गाळणी लावून पीटर लिपर्ट, डाउवे व्हॅन हिन्सबर्गन आणि गिओम द्युपाँ-निवे यांनी २०१४ साली उपलब्ध सर्व मोजण्या नव्याने तपासल्या. त्यांच्या हिशेबाने टकरीच्या वेळी आशियाची दक्षिण कड सुमारे २० अंश उत्तरेला होती. आज ती ३० च्या जवळ आहे. म्हणजे आशिया आखूड झाला तो हजार किलोमीटरांच्या आसपास, दोन हजार नव्हे.

आणि येथेच हिशेब बिघडतो. खर्चाची बाजू मांडून पाहा. भारत घुसला सुमारे ३,०००. आशियाच्या सुरकुत्यांत गेले १,०००. हिमालयाच्या घड्या कागदावर उलगडून मोजणाऱ्यांचा आकडा जागोजागी वेगळा असला तरी बहुतेक ठिकाणी तो हजाराच्या आत राहतो. मग उरलेले हजाराहून अधिक किलोमीटर? पूर्वी ल्हासाची नती उथळ समजली जात होती तेव्हा ही तूट आशियाच्या नावावर सहज खपत होती. साक्षीदार खरे बोलू लागले आणि तूट उघडी पडली.

आज या तुटीवर तीन उत्तरे मांडली जातात. व्हॅन हिन्सबर्गन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली म्हटले की हिमालयाचा उत्तर पट्टा हा भारतापासून आधीच सुटून पुढे गेलेला तुकडा होता; मधे एक महासागर होता आणि तो पुढे नाहीसा झाला. महासागराचा तळ पृथ्वीच्या पोटात सहज जातो, त्याची सुरकुती शिल्लक राहत नाही. दुसरे म्हणतात, महासागर वगैरे काही नको. भारताच्या उत्तरेचे जाड भूकवचच तिबेटखाली सरकले आणि काही खोल बुडाले. तिसऱ्यांचे म्हणणे असे की भारताची पहिली टक्कर आशियाशी झालीच नाही, ती विषुववृत्ताजवळील ज्वालामुखी बेटांच्या एका माळेशी झाली आणि आशियाशी गाठ पुढे कधीतरी पडली. या तिसऱ्या पक्षाला २०२० साली लडाखमधील खार्दुंगच्या ज्वालामुखी खडकांनी हात दिला. ते ६ कोटी वर्षांहून जुने खडक सुमारे ८ अंश उत्तर अक्षांशावर जन्मले, असा निकाल आला. चुकीची मर्यादा पाच-सहा अंशांची. ल्हासा २० अंशांवर आणि लडाख ८ वर, म्हणजे दोहोंच्या मधे तेव्हा समुद्र असलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. विरोधक विचारतात, थर किती होते? सरासरी पुरी झाली होती काय? आपण आता हे प्रश्न ओळखता.

माझा कल कोणीकडे, असे व्याख्यानापूर्वी अध्यक्षांनी मला विचारले. मला नाहीसा झालेला महासागर आकर्षक वाटतो. पण जो महासागर हिशेबात नेमका तुटीइतकाच रुंद निघतो त्याच्याकडे थोडे संशयानेच पाहावे, अशी मला सवय आहे. त्याच्या तळाचे अवशेष हिमालयात त्या जागी अजून कोणी निर्विवादपणे दाखवलेले नाहीत. हिशेबनिसाने तूट ‘किरकोळ’ सदरात टाकावी, तसे काहीसे ते वाटते. उलट, सबंध खंडाचे हजार किलोमीटर मागमूस न ठेवता बुडाले हेही पचायला जड आहे. निकाल लागेल तो अधिक नमुन्यांनी आणि अधिक कडक उलटतपासणीने.

नमुने घेण्याची रीत सांगून थांबतो. पाण्याने थंड ठेवलेले, टोकाला हिऱ्याची पूड बसवलेले पोकळ ड्रिल कातळात घालून सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीची, बोटभर लांबीची कांडी कापतात. ती कातळातून सोडवण्यापूर्वी तिच्यावर दिशेची रेघ मारतात. रेघ होकायंत्राने मारावी तर काळा दगड होकायंत्रालाच फसवणार. म्हणून अनेकदा सूर्याच्या सावलीवरून दिशा काढतात, घड्याळातील नेमकी वेळ टिपून. ढगाळ दिवस फुकट जातो. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट हा या अभ्यासातील प्रसिद्ध घाट आहे, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत सह्याद्रीच्या पुष्कळ घाटांतून असे नमुने गेलेले आहेत. पुढच्या खेपेस गाडी थांबवाल तेव्हा रस्त्याकडेच्या कातळाकडे पाहा. अंगठा सहज जाईल एवढी, सुबक गोल, एकाशेजारी एक अशी सात-आठ भोके दिसली, तर ती सुरुंगाची नव्हेत आणि पोरांनीही पाडलेली नव्हेत.